सड्यावरची दीपकाडी : प्रकल्प नोंदी, २०२५

१८ मे २०२५, रविवार

सड्यावर, म्हणजे जांभ्या दगडाच्या उघड्या पठारावर, पहिली फेरी. बरोबर द्वितीय वर्षाचे तीन विद्यार्थी. सामानात पीव्हीसी पाइपची एक मीटर बाय एक मीटरची चौकट, सायकलच्या चाकाचा एक आरा, लांब खिळे, वही. साडेसातला पोचलो, पण नऊ वाजताच कातळावर हात टेकवेना.

काय करायचं आहे ते आधी नीट लिहून ठेवते. दीपकाडी, शास्त्रीय नाव डिपकॅडी कोंकनेन्स. कोकण आणि गोव्याच्या जांभ्या सड्यांवरची ही रानलिली, जगात दुसरीकडे कुठे नाही. वनस्पतिशास्त्रज्ञ डॅल्झेलने १८५० मध्ये तिचं वर्णन छापलं तेव्हा तिला उरोपेटॅलम म्हटलं होतं. पुढे लंडनच्या क्यू उद्यानातल्या बेकरने तिला डिपकॅडी या प्रजातीत आणलं. जुन्या पुस्तकांत ती लिलीच्या कुळात सापडते, आताच्या वर्गीकरणात शतावरीच्या कुळात. जमिनीत कांदा, गवतासारखी पानं, मधून सरळ दांडा आणि त्यावर सहा पाकळ्यांची पांढरी फुलं, हे पाहिलं की तिला लिलीच म्हणावंसं वाटतं आणि मी म्हणणार आहे.

प्रश्न साधे आहेत. ती किती खोल मातीत उगवते? फुललेल्या दांड्यांपैकी किती बोंडं धरतात? आणि माणसाने माती भरलेल्या जागेत ती येते का? तीन पावसाळे मोजायचं ठरलं आहे, त्यातला हा पहिला.

गावाचं नाव या वहीत कुठेही येणार नाही. रत्नागिरी आणि राजापूर यांच्या मधला एक सडा, एवढंच. फुलाचा फोटो आणि जागेचा नकाशा एकत्र बाहेर गेला की पुढच्या पावसाळ्यात कांदे खणायला माणसं येतात.

तीन जागा नक्की केल्या. पहिली उघड्या कातळातल्या भेगांची. दुसरी एका उथळ डबक्याच्या काठाची, जिथे वाहून आलेली माती साचते. तिसरी गडग्याच्या, म्हणजे दगडी कुंपणाच्या, आतली. तिथे काही वर्षांपूर्वी सुरुंग लावून खड्डे पाडले, बाहेरून माती आणून भरली आणि हापूसची कलमं लावली. तात्यांची जमीन. तात्या म्हणाले, "मोजा हवं तेवढं बाई. कातळ काय पळून जात नाय."

आज दीपकाडीचं एक पानही वर नाही. रानकांद्याचे वाळलेले दांडे मात्र भेगाभेगांत उभे होते. तो तिचाच नातेवाईक, पण उन्हाळ्यात पानांशिवाय फुलून मोकळा होतो.

२६ मे, सोमवार

पाऊस आला. वळीव नव्हे, मोसमी. काल तळकोकणात दाखल झाल्याची बातमी होती, आज मुंबई गाठली. तिथे एरवी ११ जून धरतात. रोहिणी लागून दोन दिवसही झाले नाहीत. गावात लोकांची धांदल उडाली आहे, पेरणीआधीची भाजावळ कुणाची झाली, कुणाची राहिली, लाकडं भिजली, आंबा अजून झाडावर. आमचीही तयारी अर्धवट. चौकटींच्या कोपऱ्यांना रंग द्यायचा राहून गेला.

१ जून, रविवार

पानं वर आली आहेत.

भेगेतून दोन-तीन पाती, कांद्याच्या पातीहून अरुंद, बुडाशी पांढरट. मोजताना पंचाईत कुलीची होते. तीही याच दिवसांत, याच सड्याच्या कडेला उगवते आणि पहिल्या पावसाची भाजी म्हणून तिची पात खुडतात. मुलांना शिकवलं ते असं: बुडाशी बोटाने माती जरा बाजूला करा. कुलीच्या खाली जाड पांढऱ्या मुळ्यांचा झुबका असतो, दीपकाडीच्या खाली गोल कांदा. बघितलं की माती परत दाबून ठेवायची. उपटून कुणीही दाखवायचं नाही, मलासुद्धा नाही.

तिन्ही जागांत मिळून ४१ झाडं सापडली. प्रत्येकाच्या उत्तरेला एक वीत सोडून भेगेत खिळा आणि खिळ्याला आकड्याची पट्टी. पहिल्या जागेत १७, दुसऱ्या जागेत २४, तिसऱ्या जागेत शून्य.

शून्य लिहायला बरं वाटलं नाही. तिथे गुडघाभर माती आहे, ओल आहे, शेणखत आहे. उद्या बागेचा दुसरा कोपराही पालथा घालायचा.

८ जून, रविवार

मृग लागला आणि पाऊस नाही. मे संपता संपता जो थांबला तो थांबलाच. आठवडाभर कडक ऊन, सडा परत तापलेला. आजची नोंद लांब होणार आहे, कारण आज जे दिसलं ते मला एरवी तीन वर्षांतही दिसलं नसतं.

सगळ्या ४१ झाडांशी माती किती खोल आहे ते मोजलं. साधन म्हणजे तो सायकलचा आरा. त्यावर दर सेंटिमीटरला नेलपॉलिशची लाल रेघ मारलेली आहे. झाडापासून चार बोटं लांब सरळ खाली सारायचा, कातळाला लागला की ‘टक’ असा आवाज येतो, तिथली रेघ वाचायची. एका झाडाभोवती तीनदा. सकाळभर सड्यावर टक, टक एवढाच आवाज आणि मध्येच टिटवीचा आरडाओरडा. तिची अंडी जवळ कुठेतरी असावीत, म्हणून दुसऱ्या जागेची एक बाजू आम्ही सोडून दिली.

बहुतेक झाडं ४ ते ९ सेंटिमीटर मातीत आहेत. सर्वांत कमी ३, सर्वांत जास्त १३, तेही एका रुंद भेगेत. तीन सेंटिमीटर म्हणजे दोन बोटं. दोन बोटं मातीत कांदा मावत नाही. क्रमांक ११ चा कांदा अर्धा भेगेच्या कपारीत शिरलेला आहे, दगडानेच त्याला धरून ठेवलं आहे.

आता उन्हाची गोष्ट. मेच्या पावसावर उगवलेलं गवत या आठवड्यात त्याच उथळ मातीत करपून गेलं. गेल्या रविवारी जे पोपटी होतं ते आज बोटात धरलं की चुरा होतो. गेंदाची इवलीशी रोपं डबक्याच्या काठाला चिखलासकट वाळून खपली झाली आहेत. आणि दीपकाडी? पात्यांची टोकं पिवळी पडली आहेत, बस. एकही झाड मेलं नाही. कांद्यात साठवण असणाऱ्याला दहा दिवसांची उघडीप सोसते, बी रुजून नुकतंच वर आलेल्याला सोसत नाही. हे पुस्तकातलं वाक्य मी वर्गात किती वेळा उच्चारलं असेल. आज ते पायाखाली पाहिलं.

यावरून माझं मत असं बनत चाललं आहे की ही माती थोडी आहे म्हणूनच दीपकाडी इथे आहे. खोल मातीत उंच गवत येतं, झुडूप येतं, सावली पडते. इथे चार बोटं मातीत, चार महिने पाण्यात आणि आठ महिने तव्यावर, असं जगायला फार कुणी येत नाही. ज्यांना जमतं त्यांच्यासाठी जागा मोकळी राहते. तिसऱ्या जागेतल्या शून्याचं उत्तर बहुधा हेच. बागेचे बाकी कोपरेही पाहून झाले, तिथेही नाही. पण तीन जागा आणि एक पावसाळा एवढ्यावर कुणाला ठासून सांगायचं नाही.

१७ जून, मंगळवार

पाऊस दोन दिवसांपूर्वी परत धरला. कॉलेज सुटल्यावर एकटीच गेले. क्रमांक २६ फुललं.

रेनकोट टाकून ओल्या कातळावर पालथी पडून पाहिलं, म्हणजे फूल डोळ्यांच्या रेषेत आलं. दांडा वीतभराहून थोडा उंच. खालची दोन फुलं उमललेली, वर कळ्या, त्यांच्या देठाशी पातळ कागदासारखी छोटी पानं. पाकळ्या पांढऱ्या, बुडाशी जुळून नळी झालेली, बाहेर मोकळी टोकं. आत सहा पुंकेसर नळीला चिकटलेले. पावसाचा एक थेंब नळीच्या तोंडाशी अडकला होता. तो आत जात नव्हता आणि पडतही नव्हता. वाऱ्याने दांडा हलला की थेंबातला सडा उलटासुलटा व्हायचा.

काकी गुरं घेऊन परतत होत्या. त्यांना वाटलं मी पडले. धावत आल्या. फूल दाखवलं तर म्हणाल्या, "ह्येच्यासाठी? ह्ये तर दर वर्षी येतं." नाव विचारलं तर त्या हसल्या. "नाव कशाला ठेवायला हवं? पाऊस लागला की येतं, जातं. पोरपणी आम्ही माळायचो."

आपण पुस्तकी माणसं तिला दीपकाडी म्हणतो. डिपकॅडी हे मूळचं परदेशी नाव, पण मराठी कानाला त्यात दीप ऐकू आला आणि काडीही. अंधारलेल्या पावसात करड्या कातळावर उभी पांढरी काडी पाहिली की हे नाव इथेच जन्मलं असं वाटतं.

२० ते २३ जून

चार संध्याकाळी सहा ते साडेआठ बसलो. पांढरं फूल आणि लांब नळी म्हणजे रात्रीचे पतंग येत असावेत, असा सर्वसाधारण आडाखा असतो. तो पडताळायचा होता. तीन संध्याकाळी मुसळधार, चौथ्या दिवशी वारा असा की छत्री उलटी. एकही पतंग पाहिला नाही. हे काम पुढच्या वर्षावर.

२९ जून, रविवार

आज चूक उघडी पडली. खिळ्यांना लावलेल्या पट्ट्यांवरची शाई पावसाने धुऊन गेली आहे. दुकानदाराने पक्की म्हणून दिलेली पेनं होती, पण घरी बादलीत पट्टी भिजवून पाहायला हवी होती आणि ते मी केलं नाही. ४१ पैकी २९ आकडे गेले. सुदैवाने एका विद्यार्थिनीने खिळे ठोकले त्याच दिवशी वहीत प्रत्येक चौकटीचं चित्र काढलं होतं: भेग कुठून कशी जाते, दगड कुठे, डबकं कुठे, खिळा कुठे. चित्र समोर धरून दुपारपर्यंत सगळे आकडे परत लावले. आता पत्र्याच्या तुकड्यांवर खिळ्यानेच आकडे ठोकले आहेत.

फुललेले दांडे आजवर १९. त्यातले ४ गुरांनी खाल्ले, २ तुडवले गेले. गुरांबद्दल माझा राग नाही. गवत चरलं जातं म्हणूनही जागा मोकळी राहते आणि काकींची गुरं या सड्यावर माझ्या कितीतरी आधीपासून आहेत. मोजणीत मात्र ती दिसली पाहिजेत.

सुट्या दगडांना हात लावायचा नाही, हा नियम मुलांना आज पुन्हा सांगावा लागला. एकाने दगड उचलला आणि खाली पाल होती, पांढऱ्या पट्ट्यांची, छोटीशी. हेमिडॅक्टायलस अल्बोफॅसिएटस असावी. ही पाल १९६३ मध्ये शास्त्राला कळली, तीही रत्नागिरी जिल्ह्यातल्याच डोर्ले गावातून. तिचं घर म्हणजे सड्यावरचा सुटा दगड. बाग करताना सर्वांत आधी गोळा होतात ते हेच दगड, गडग्यासाठी.

१३ जुलै, रविवार

पलीकडच्या सड्यावर गेलो होतो. दहा वर्षांपूर्वी तिथे मी दीपकाडी पाहिलेली आहे. आता चिरेखाण आहे.

खाण पावसात बंद असते. उभे कापलेले लाल काठ, खाली तळ्यासारखं पाणी. काठावर उभं राहिलं की सडा आतून कसा असतो ते दिसतं. वरचा काळपट टणक थर, त्याखाली भोकाभोकांचा लाल-पिवळा जांभा, तळाशी मऊ शेडी माती. बेसॉल्ट लाखो वर्षं पावसात झिजला, सिलिका धुऊन गेली, लोह आणि ॲल्युमिनियम मागे राहिलं, त्याचा हा दगड झाला. ओला असताना करवतीने कापता येतो आणि वारा लागला की कडक होतो. बुकाननने मलबारात फिरताना तो पाहिला आणि १८०७ मध्ये छापलेल्या प्रवासवर्णनात लॅटिनमधल्या विटेच्या शब्दावरून त्याचं नाव लॅटेराइट ठेवलं. आपलं घर, विहीर, देऊळ, गडगा सगळं याचंच. माझं माहेरचं घरही चिऱ्याचं आहे, म्हणून चिरा काढूच नये असं मी म्हणू शकत नाही.

पण खाणीच्या काठावर मला एक गोष्ट पोटातून कळली. दीपकाडीची जागा म्हणजे त्या उभ्या कापातली सगळ्यात वरची चार बोटं. बाकी वीस-तीस फूट दगड खाली असतो, पण ती चार बोटं पहिल्याच दिवशी जेसीबीच्या एका फराट्यात जातात. मग खाण बुजवा, वर माती पसरा, झाडं लावा. भेग कुठून आणणार? वाहून आलेली रेती, कुजलेलं गवत, शेवाळाची साल, हे थर कोणी पसरलेले नसतात, साचलेले असतात.

विद्यार्थ्यांपैकी एकाने विचारलं, कांदे आधीच काढून कुंड्यांत का लावू नयेत? विचारायलाच हवा असा प्रश्न होता. कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठाच्या उद्यानात सह्याद्रीतल्या प्रदेशनिष्ठ वनस्पती अशा जपल्या जातात आणि ते काम मोलाचं आहे, कारण सगळंच गेलं तर बी तरी उरतं. पण कुंडीत दीपकाडी जगेल, सडा जगणार नाही. सीतेची आसवं, दवबिंदू, गेंद ही सड्यावरची इवली झाडं, ती पाल, टिटवीची अंडी आणि सड्यात मुरून खालच्या वाडीच्या विहिरीला येणारं पाणी यांतलं काहीच कुंडीत मावत नाही.

३ ऑगस्ट, रविवार

एकूण २७ दांडे फुलले. १५ वर बोंडं धरली आहेत. तीन धारांची हिरवी बोंडं, खालची मोठी, वरची खुरटलेली. बाकी १२ पैकी काही गुरांनी खाल्ले, काही नुसते सुकले.

एका जागी साळिंदराने उकरलं आहे. क्रमांक ७ आणि ८ गेले. भेगेत फक्त कांद्याच्या साली होत्या.

आता सड्याकडे नुसतं पाहत बसावंसं वाटतं. कवल्याची पिवळी फुलं सुरू झाली आहेत, डबक्यांभोवती निळसर आसवं. यात दीपकाडी शोधूनही सापडत नाही, तिची वेळ संपली.

२८ ऑगस्ट, गुरुवार

गणपतीचा दुसरा दिवस. तात्यांकडे बोलावणं होतं.

सातबाऱ्यावर सडा सामाईक आहे. नावं बरीच, त्यातली बहुतेक मुंबईत, काही माणसं आता हयातही नाहीत. क्षेत्राच्या रकान्यात ‘पोटखराब’, म्हणजे लागवडीला निरुपयोगी. गावात जमिनीचे निर्णय गणपतीतच होतात, कारण तेव्हाच सगळे एका छताखाली येतात. या वर्षीचा विषय होता चिरेखाणीला भाडेपट्ट्याने देण्याचा. तात्यांनी मला आधी सांगितलं नव्हतं. आरतीनंतर पुढच्या पडवीत सगळे बसले तेव्हा म्हणाले, "बाईंनी काय मोजलंनी ते ऐका आधी, मग बोला."

भाषण मला जमलं नसतं. वही पुढे केली. चौकटींची चित्रं, मातीची खोली, दांड्यांचे आकडे, क्रमांक २६ चा फोटो. मुंबईहून आलेल्या एका दादांनी विचारलं, "याचे पैसे किती मिळतील?" मी म्हटलं, काहीच नाही. दुसऱ्यांनी विचारलं, "मग आम्ही काय करायचं? पोरांची लग्नं आहेत." हे खरं आहे आणि मला त्यावर उत्तर नव्हतं. मी एवढंच सांगितलं की हे झाड फक्त आपल्याकडच्या सड्यांवर आहे आणि ज्या सड्यावर खाण झाली तिथे मला ते परत सापडलेलं नाही. विहिरीच्या पाण्याचंही बोलले. त्यावर मात्र बायकांकडून आवाज आला. पलीकडच्या वाडीत खाण झाल्यापासून उन्हाळ्यात पाण्याला किती लांब जावं लागतं, ते त्यांनीच सांगितलं.

कोकणातली कातळशिल्पं २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली, हे सगळ्यांना माहीत होतं. कशेळी, बारसू, देवाचे गोठणे ही नावं मुंबईकरही घेत होते. एका तरुण मुलाने विचारलं, आपल्या सड्यावर चित्र आहे का? नाही. त्याचा चेहरा पडला. दगडात कोरलेलं असतं तर वाद सोपा झाला असता, हे त्या क्षणी मलाही वाटलं.

निर्णय झाला नाही. "पुढच्या गणपतीत बघू." मोदक खाऊन निघाले. देवासमोर कळलावीची फुलं होती, गौरीसाठी आणून ठेवलेली. लाल-पिवळ्या ज्वाळांसारख्या पाकळ्या उलट वळलेल्या. तीही लिलीचीच दूरची बहीण. तिला घरात मानाची जागा आहे, बहुधा म्हणूनच कुंपणावरची तिची वेल कुणी तोडत नाही.

१४ सप्टेंबर, रविवार

बोंडं तडकली. आत काळ्या चकत्यांसारखं बी, एकावर एक रचलेलं, नाण्यांची चवड ठेवावी तसं. फुंकर घातली की उडतं. वाऱ्याने ते कातळावर घसरत जातं आणि भेगेत अडकतं, बहुतेक असंच ते पसरत असावं. आज आम्ही तळहातावर दहा बिया घेऊन सोडून पाहिल्या. सात भेगेत गेल्या, तीन डबक्यात.

बी गोळा केलेलं नाही. फक्त दोन बोंडं कागदाच्या पुडीत, कॉलेजच्या हर्बेरियमसाठी (वाळवलेल्या नमुन्यांच्या संग्रहासाठी), तात्यांना विचारून.

९ नोव्हेंबर, रविवार

सडा वाळला. गवत सोनेरी, दीपकाडीची पानं कधीच गळून गेली आहेत. वर काही नाही, फक्त खिळे. ३९ मोजले. उरलेले दोन साळिंदराने उकरलेल्या जागेतले, ते मिळाले नाहीत.

तात्यांनी स्वतःहून गडग्याच्या बाहेर दोन हात रुंद पट्टा गवत कापून ठेवला आहे, वणवा अलीकडे येऊ नये म्हणून. विचारलं तर म्हणाले, "कलमांसाठी केलंय." पट्टा मात्र कलमांच्या बाजूला नाही, दुसऱ्या जागेच्या बाजूला आहे.

पुढच्या फेरीला आणायचं: पत्र्याच्या आणखी पट्ट्या, नवा आरा, संध्याकाळच्या बैठकीसाठी ताडपत्री. मेच्या दुसऱ्या आठवड्यापासून तयार राहायचं.